गडग्यापलीकडचं रान

त्या रानात पहिल्यांदा ओळखीचा वाटला तो गडगा. ओक आणि हिकरी यांची नावं तेव्हा मला कळतही नव्हती. पण चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचून केलेली, कमरेइतकी उंच, शेवाळलेली ती रांग झाडांतून वळत गेलेली पाहिली आणि पाय थांबले. संगमेश्वर तालुक्यात आमच्या घरामागे अशीच रांग होती. एका अंगाला आमचं भाताचं खाचर, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची काजूची बाग. इथे मात्र दोन्ही अंगांना दाट झाडी. हद्द दाखवायला, गुरं अडवायला गडगा घालतात; भर जंगलात तो कुणी आणि कशाला घातला असेल?

उत्तर साधं होतं, पण ते पचायला मला बराच वेळ लागला. गडगा घातला तेव्हा तिथे जंगल नव्हतं.

हे रान न्यू जर्सीच्या मध्यभागी आहे, सोरलँडच्या डोंगरावर. आमच्या घरापासून गाडीनं अर्धा तास. डोंगराची सर्वांत उंच जागा 568 फूट, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला ती टेकडीच. पण न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन अफाट शहरांच्या मध्ये, घरं, गोदामं आणि महामार्ग यांच्या गराड्यात एवढं सलग जंगल टिकून आहे हीच मोठी गोष्ट. टिकून आहे असं म्हणते खरी, पण ते टिकलेलं नाही, परत आलेलं आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हा डोंगर जवळजवळ बोडका होता. घरांना लाकूड, भट्ट्यांना कोळसा, गुरांना चराऊ रान, आणि जिथे दगड वेचून काढता आले तिथे शेती. वेचलेल्या दगडांचेच हे गडगे. पुढे पश्चिमेकडची सपाट, सुपीक जमीन खुली झाली, रेल्वेनं धान्य स्वस्त आणलं, आणि या खडकाळ जमिनीशी झगडण्यात लोकांना राम वाटेना. शेतं पडीक पडली. पडीक जमिनीत गवत आलं, मग झुडपं, मग झाडं.

दगडाबद्दल सांगायला हवं, कारण मला तिथे बांधून ठेवणाऱ्या गोष्टींपैकी तो एक आहे. सोरलँडचा कणा डायबेसचा. याच दगडाला डोलेराइटही म्हणतात. सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातला तप्त रस वर येता येता जमिनीखालीच अडला आणि थिजला. आमच्याकडचा काळवत्री त्याच घराण्यातला. तो जमिनीवर येऊन पसरला आणि मग थिजला, आणि वयानं बराच धाकटा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. पण पावसानं भिजलेल्या डायबेसवर हात ठेवला की तोच गारवा, तोच काळसर लोखंडी रंग. परक्या मुलखात माणसाला माणसं भेटतातच. दगड भेटेल असं मला वाटलं नव्हतं.

गेली पाच वर्षं मी इथे झाडं-झुडपं मोजायला येते. एका संस्थेनं राखलेल्या जमिनीवर वनस्पतींची नोंद ठेवण्याचं काम आहे. आम्ही सात-आठ स्वयंसेवक, आणि आमच्या प्रमुख म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या एक बाई. इकडच्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना नावानं हाक मारतात. मला ते अजून जड जातं. मनात मी त्यांना बाईच म्हणते.

कामाची पद्धत सांगायला सोपी आहे. वीस मीटर लांब-रुंद असा चौरस आखायचा. त्यातल्या प्रत्येक मोठ्या झाडाचं नाव लिहायचं आणि जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, त्याच्या खोडाला टेप गुंडाळायची. ही टेप खास असते. गुंडाळायची घेराला, पण तिच्यावरचे आकडे सरळ व्यासाचे. मग त्याच चौरसात ठरलेल्या पाच जागी एक मीटर बाय एक मीटरची प्लास्टिकच्या नळीची चौकट ठेवायची आणि तिच्या आत जे जे हिरवं आहे ते सगळं लिहायचं: कुठली वनस्पती, किती रोपं, किती जागा व्यापली. हे सगळं वर्षातून दोनदा, एप्रिलच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैत. एकदाच केलं तर अर्धी वनस्पती हातातून निसटते, कारण इथली वसंतातली फुलं ओकला पालवी फुटायच्या आत सगळा संसार उरकून घेतात. मार्चअखेर डोकं वर काढायचं, एप्रिलमध्ये फुलायचं, मेअखेर बी टाकून पुन्हा मातीत. वरचं छत मिटलं की खाली ऊन नाही, आणि ऊन नाही म्हणजे काम नाही. आमच्याकडे जमिनीला जाग येते ती मृगाच्या पावसानं. इथे ती येते झाडं उघडी असताना मिळणाऱ्या सहा-सात आठवड्यांच्या उन्हानं.

मोठी झाडं मोजताना हळूहळू लक्षात आलं की आपण नुसती झाडं मोजत नाही आहोत. एकाच बुंध्यातून तीन-तीन खोडं निघालेले लाल ओक दिसले. बाई काही सांगायच्या आत मला ते कळलं, कारण आमच्याकडचे ऐन-किंजळ असेच असतात. तोड झाली की बुंध्यातून फुटवे येतात, पाच-दहा येतात, दोन-तीन तगतात. कोळशासाठी, सरपणासाठी तोडलेल्या रानाची ती सही असते, कोकणात काय आणि न्यू जर्सीत काय. पुढच्या चौरसात सरळसोट, उंच, एकमेकांना खेटून वाढलेल्या झाडांच्या गर्दीत एकच पांढरा ओक निघाला, खालपासून आडव्या फांद्या पसरलेला, तीन माणसांच्या कवेत न मावणारा. दाटीत वाढलेल्या झाडाला अशा फांद्या येत नाहीत. खालच्या फांद्या सावलीत मरतात. हा वाढला तेव्हा याच्याभोवती मोकळं कुरण होतं. गुरांना सावली म्हणून शेतकऱ्यानं तो राखला असणार. इथे अशा झाडाला वुल्फ ट्री म्हणतात. एकटा लांडगा. मला मात्र तो म्हाताऱ्या आजोबांसारखा वाटतो, ज्यांच्याभोवती घर भरलं आणि ज्यांना आता पाय पसरायला जागा नाही.

आणि मेलेले सीडर. रानभर काळपट, सालीविना, हाडकुळे खांब उभे आहेत. तांबडा सीडर, म्हणजे जुनिपरच खरा, हा उन्हाचा भक्त. पडीक शेतात सर्वांत आधी येणाऱ्या झाडांतला. वीस-तीस वर्षं त्याचं राज्य चालतं, मग ओक-हिकरी त्याच्या डोक्यावरून निघून जातात आणि तो सावलीत वाळतो. त्याचं लाकूड कुजत नाही, म्हणून मेल्यावरही अनेक वर्षं उभाच राहतो. जिथे मेलेला सीडर, तिथे एकेकाळी ऊन होतं, इतकं हे सरळ वाचता येतं.

मी चुकलेही. पहिल्या वर्षी एका चौरसातली अॅशची सगळी रोपं मी हिकरी म्हणून लिहिली. दोघांची पानं संयुक्त, एका देठाला पाच-सात पानोळ्या, आणि मी पानं बघत बसले. जुलैत बाईंनी तपासलं आणि माझा तक्ता परत दिला. रागावल्या नाहीत. एक डहाळी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “पान कसं आहे ते नंतर बघ. पान फांदीवर कुठे बसलंय ते आधी बघ.” अॅशची पानं डहाळीवर समोरासमोर, जोडीनं येतात. हिकरीची एक या बाजूला, एक त्या बाजूला, पायऱ्यांसारखी. एवढाच फरक, पण त्यानं त्या चौरसाचं सगळं भविष्य बदलत होतं. हिकरीची बारीक रोपं म्हणजे रान पुढे चाललंय. आणि अॅश म्हणजे या घडीला जवळजवळ मृत्युपत्र. आशियातून आलेला, पाचूसारखा हिरवा चमकणारा एक भुंगेरा अॅशची साल आतून पोखरतो. अमेरिकेत तो 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला; न्यू जर्सीत 2014 मध्ये, ब्रिजवॉटरला, आमच्या घराच्या अगदी जवळ. आता सोरलँडवर मान वर केली की अॅशचे पांढरे, साल गळालेले शेंडे दिसतात. तेव्हापासून कुठल्याही रोपाचं नाव लिहायच्या आधी मी दोनदा देठाशी वाकते.

पॉयझन आयव्हीसाठी मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. तीन पानांची ही वेल अंगाला लागली की फोड येतात, आठवडा-दोन आठवडे माणूस हैराण होतो. बाकीचे स्वयंसेवक तिच्या गोष्टी सांगत होते तेव्हा मला आजीचा बिब्बा आठवला. आमच्याकडे बिब्बा कुणाला ‘उततो’ आणि कुणाला नाही. काही जण तर त्याच्या झाडाखालून जायलाही बिचकतात. नंतर वाचलं तर दोघं एकाच कुळातले. आंबा, काजू, बिब्बा आणि ही वेल, सगळे भाऊबंद. कच्च्या कैरीच्या चिकानं ओठाला फोड येतो तोही याच जातीच्या रसायनाचा. ज्या कुळानं माझं बालपण गोड केलं त्याच कुळातलं कुणीतरी इथे ओकवर चढून बसलेलं होतं, आणि मी त्याला ओळखून होते.

तसाच सापकांदा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ओलसर उताराच्या एका चौकटीत, हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांचा फणा माझ्यासमोर उभा राहिला आणि मी इतक्या मोठ्यानं “सापकांदा!” म्हणाले की शेजारच्या चौरसातली माणसं धावत आली. इथे त्याला जॅक-इन-द-पल्पिट म्हणतात. व्यासपीठावर उभा राहिलेला धर्मोपदेशक. आम्हाला फणा दिसला, त्यांना व्यासपीठावरचं छत. पण वंश एकच, अॅरिसीमा. कुळ तेच, अळूचं, सुरणाचं, शेवळांचं. घशाला खाज आणणाऱ्या त्याच सुया याच्याही कंदात. बाईंनी मला त्या दिवशी सांगितलं ते मी विसरणार नाही. हे रोप लहान असताना नर असतं. कंदात पुरेसा साठा झाला की मादी होतं, फळं धरतं. फळं धरून दमलं, किंवा त्या वर्षी हरणानं पान खाल्लं, तर पुढच्या वर्षी पुन्हा नर. म्हणजे त्या उतारावर नर किती आणि माद्या किती, एवढं मोजलं तरी रानाच्या पोटात किती अन्न शिल्लक आहे याचा अंदाज येतो. आम्हाला सव्वीस रोपं मिळाली. त्यांतल्या दोनच माद्या.

आता ज्या चौकटीसाठी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते.

आमच्या नोंदीतला सातवा चौरस गडग्याच्या ईशान्येला आहे आणि आठवा नैर्ऋत्येला. मधलं अंतर तीस पावलं. दोन्हीकडे वर बघितलं तर फरक सांगता येत नाही: पांढरा ओक, काळा ओक, साल लांब लांब पट्ट्यांनी सोललेली शॅगबार्क हिकरी, मध्येच एखादा मेलेला अॅश. एखाद्या पाहुण्याला नेलं तर तो म्हणेल, छान जुनं जंगल आहे.

सातव्यातली एप्रिलमधली एक चौकट. मी पाचोळा बोटांनी अलगद बाजूला करते. स्प्रिंग ब्यूटीची गवतासारखी पानं, फुलं गुलाबी रेघांची, नऊ रोपं. ट्राउट लिलीची ठिपक्याठिपक्यांची पानं, एकेकटी, एकतीस. फूल एकच, कारण ही लिली कित्येक वर्षं एकाच पानावर काढते आणि दुसरं पान आलं की मगच फुलते. एकतीस पानं म्हणजे वाट बघत बसलेली वर्गातली एकतीस मुलं. हेपाटिकाची तीन कंगोऱ्यांची, गेल्या वर्षीची तपकिरी पानं, आणि मधोमध लवदार देठावर निळसर फुलं. ब्लडरूट चार. त्याचं एकुलतं एक पान शालीसारखं देठाभोवती लपेटलेलं, वर पांढरंशुभ्र फूल, जे दोन-तीन दिवसांत गळतं. एकदा चुकून एक कंद मोडला तेव्हा हातावर कुंकवासारखा नारिंगी-तांबडा रस आला होता. मला फार वाईट वाटलं, आणि तो रंग संध्याकाळपर्यंत गेला नाही. शिवाय दोन जातींचे व्हायोलेट, एक नेचा, पेन्सिल्व्हेनियाचं बारीक लव्हाळं, आणि नखाएवढं लाल ओकचं रोप, ज्याच्या मुळाशी अजून अॅकॉर्नचं, म्हणजे ओकच्या फळाचं, टरफल चिकटलेलं होतं. एका चौरस मीटरला मला पस्तीस मिनिटं लागली.

मग गडगा ओलांडला. आठव्यातली चौकट. पाचोळा बाजूला केला. स्टिल्टग्रास या बाहेरून आलेल्या गवताचे कोवळे कोंब, मोजता न येण्याइतके. नुसतं ‘साठ टक्के’ लिहिलं. गार्लिक मस्टर्ड, पान चुरगळलं की लसणाचा वास. जपानी बार्बेरीचं एक काटेरी रोप. व्हर्जिनिया क्रीपर. चार मिनिटं.

वरचं रान तेच. खालचं रान नाही.

बाई म्हणाल्या, “जमिनीवर झोप.” मी झोपले. गडग्याच्या अलीकडे डोळा जमिनीलगत नेला तर जमीन उंचसखल, खड्डे आणि उंचवटे. शेकडो वर्षांत झाडं मुळांसकट उन्मळून पडली, मुळांबरोबर माती उचलली गेली, तिथे खड्डा आणि शेजारी उंचवटा. पलीकडे जमीन सपाट. काठी फिरवून सारखं केलेल्या अंगणासारखी. नांगरानं ते सगळे खड्डे-उंचवटे पुसले होते, आणि त्यांच्याबरोबर मातीतले कंद, मुळं, बियांचा साठा. ईशान्येची बाजू म्हणजे त्या शेतकऱ्याची सरपणाची राई. त्यानं तिथली झाडं तोडली, पुन्हा पुन्हा तोडली असतील, पण जमीन कधी नांगरली नाही. म्हणून ब्लडरूट राहिलं.

त्या दिवशी बाईंनी आठव्या चौरसातल्या एका ओकला गिरमिट लावून पेन्सिलीपेक्षा बारीक अशी लाकडाची सळी काढली. आम्ही भिंगातून वलयं मोजली: 94. म्हणजे शेत पडीक पडून शंभर वर्षं होत आली. त्या शंभर वर्षांत ओक आला, कारण ब्लू जे नावाचे निळे पक्षी अॅकॉर्न दूरवर नेऊन पुरतात आणि सगळी आठवणीनं उकरून खात नाहीत. हिकरी आली खारींच्या पायांनी. अॅश आणि मेपल वाऱ्यावर. पण ब्लडरूट, हेपाटिका, ट्राउट लिली, स्प्रिंग ब्यूटी यांना पंख नाहीत. त्यांच्या बियांना एक पांढरा, तेलकट तुरा असतो आणि तो मुंग्यांसाठी असतो. मुंगी बी ओढत वारुळात नेते, तुरा पिल्लांना भरवते, बी कचऱ्यात टाकते, आणि त्या खतावलेल्या जागी ते रुजतं. मुंगी बी नेऊन नेऊन किती लांब नेणार? हातभर, फार तर दोन-चार पावलं. तिथे रुजलेलं रोप फुलावर यायला पुन्हा काही वर्षं. तेवढ्यात हरणानं खाल्लं नाही तर.

नुसत्या गणितानं शंभर वर्षांत ती गडग्यापार पोचायला हवी होती. पण गडग्याच्या दगडांची कोरडी सांद मध्ये होती, पलीकडे माती दबलेली होती, आणि गेल्या काही दशकांत हरणं. लांडगे केव्हाच संपले, शिकार घटली, आणि घरांच्या बागा व जंगलाच्या कडा हरणांना मानवल्या. ती स्टिल्टग्रासला तोंड लावत नाहीत. ट्रिलियम, लिली, ओकची रोपं आवडीनं खातात. त्यात अॅश मेले, छताला भोकं पडली, आणि खाली आलेलं ऊन या गवतानं घेतलं.

या स्टिल्टग्रासचा मला राग येत नाही, याचं कारण वेगळं आहे. ते मूळचं आशियातलं, भारतातलंही. अमेरिकेत ते पहिल्यांदा टेनेसीत नोंदलं गेलं ते साधारण 1919 मध्ये. चिनी मातीची भांडी खोक्यात भरताना मध्ये पेंढा म्हणून घातलं जायचं. आणि 1950 च्या दशकात पुण्यात जे गाजरगवत दिसलं, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, ते याच अमेरिका खंडांतलं. कोकणात घाणेरी आणि रानमोडी आहेत त्याही इकडच्याच. घरी आम्ही रानमोडी उपटायचो तेव्हा ती कुठल्या रानातली लेक आहे याचा विचार केला नव्हता. आता आमच्याकडचं गवत मी इथे गुडघे टेकून उपटते, मुळासकट, बी धरायच्या आत, ऑगस्टमध्ये. ते सहज निघतं. त्याला फार खोल मुळं नसतात.

झाडं परत आली म्हणजे जंगल परत आलं, असं मलाही वाटायचं. उपग्रहाच्या चित्रात सोरलँड हिरवागार दिसतो आणि ते खोटं नाही. पण त्या हिरव्यात सातवा चौरस आणि आठवा चौरस एकच दिसतात. कुठल्याही यंत्रानं वरून काढलेल्या चित्रात चार मिनिटांची चौकट आणि पस्तीस मिनिटांची चौकट यांत फरक करता येत नाही. त्यासाठी माणसाला ओल्या पाचोळ्यात गुडघे टेकावे लागतात, पायमोजे पँटवर ओढून, गोचिडींची भीती मनात ठेवून. शिकागोकडच्या फ्लॉइड स्विंक आणि जेरल्ड विल्हेल्म या दोघांनी 1970 च्या दशकात एक रीत बसवली. तीत प्रत्येक देशी वनस्पतीला 0 ते 10 गुण देतात. कुठेही, कसल्याही जमिनीत उगवणाऱ्याला कमी, आणि न हललेल्या जुन्या रानालाच धरून राहणाऱ्याला जास्त. आमचे आकडेही तसेच काढतो. ओक-हिकरी दोन्ही चौरसांत आहेत; अंतर पडतं ते घोट्याच्या उंचीखालच्या झाडांमुळे.

इथून जवळच, फ्रँकलिन टाउनशिपमध्ये, रटगर्स विद्यापीठाचं हचेसन मेमोरियल फॉरेस्ट आहे. त्यातलं सुमारे 65 एकर ओकचं रान गोऱ्या वसाहतवाल्यांनी 1701 मध्ये जमीन घेतल्यापासून कधी तोडलेलं नाही. सुतारांच्या संघटनेनं पैसे दिले आणि 1955 मध्ये ते रान विद्यापीठाच्या हाती आलं. भोवतालची शेतं मुद्दाम पडीक सोडून, 1958 पासून तिथे दहा शेतांत प्रत्येकी अठ्ठेचाळीस ठरलेल्या जागी वर्षानुवर्षं वनस्पती मोजल्या गेल्या. मरे आणि हेलन ब्युल हे दांपत्य आणि जॉन स्मॉल यांनी ते सुरू केलं. तिघंही आता नाहीत. मी त्या रानात पहिल्यांदा गेले तेव्हा मला आमच्या गावची देवरहाटी आठवली. तिथे देवाच्या धाकानं कुणी काडी उचलत नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात गावोगाव फिरून अशा राया नोंदल्या तेव्हा त्यांनाही जे बाहेर संपलं ते आत सापडलं होतं. पण हचेसनचं जुनं रानही आता म्हातारं होतंय. ओक पडतात आणि खाली ओकची रोपं नाहीत. पूर्वी इथले मूळ रहिवासी लेनापी लोक रान जाळत, आणि जाड सालीचा ओक आगीत तगे. पडलेल्या झाडांवरच्या आगीच्या खुणा सांगतात की 1711 पर्यंत दर दहाएक वर्षांनी इथून आग जायची. त्यानंतर नाही. देवाच्या राखणीतही सगळं राखलं जातंच असं नाही.

आमच्या आठव्या चौरसात चेस्टनटचं एक फुटवं आहे, अंगठ्याएवढं जाड. या सगळ्या डोंगरांवर एकेकाळी ओकच्या बरोबरीनं चेस्टनट होता. 1904 मध्ये न्यूयॉर्कला ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात सालीवर बुरशी दिसली आणि अर्ध्या शतकात कोट्यवधी झाडं गेली. मुळं मात्र जमिनीखाली जिवंत आहेत. फुटवे येतात, मनगटाएवढे होईतो बुरशी त्यांना गाठते, मरतात, पुन्हा येतात. हे झाड बहुधा त्या शेताच्या बांधावर, नांगराच्या वाटेबाहेर असावं. दर वर्षी मी त्याच्यासाठी तक्त्यात एक ओळ लिहिते. दोन वर्षांपूर्वीचं फुटवं मेलंय. आता शेजारी नवीन आहे.

यंदाच्या एप्रिलमध्ये पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला. आठव्या चौरसातली शेवटची चौकट गडग्याच्या अगदी लगत पडते. मी पाचोळा बाजूला करत होते, स्टिल्टग्रासचे कोंब मोजायच्या तयारीत, आणि दगडाच्या आडोशाला एक पान दिसलं, शालीसारखं लपेटलेलं. मला आधी खरं वाटेना. मी हात मागे घेतला. बाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे तरी खाली बसल्या, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग खिशातून टेप काढली. तिचं एक टोक मी गडग्याच्या तळच्या दगडाला लावून धरलं, दुसरं त्यांनी देठापाशी नेलं. दोनदा मोजलं.

तक्त्यात ‘ब्लडरूट’समोर मी 1 लिहिला. शेरा: गडग्याच्या नैर्ऋत्येस, 70 सेंटिमीटर, कळीवर. मग चौकट उचलून, पायाखाली नीट बघत, आम्ही पुढच्या चौरसाकडे निघालो.